पंचवीसचं बावीस

"उठलं बघा वहिनी. घास तोंडात गेला की उठतंच ते."

मल्हारीभाऊजी, माझे दीर, भाकरी मोडता मोडता पुटपुटले.

आतल्या खोलीतून आवाज आला. टक्... आणि मग घूंऽऽ...

हे खरं घडलंय. २००९ चा मार्च, नाशिक रोड स्टेशनजवळचा आमचा फोटो स्टुडिओ. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. भुतंसुद्धा झोपतात तेव्हा.

आत आमचा सर्व्हर होता. सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो त्यात. पंधरा मिनिटं कुणी काही मागितलं नाही, की त्याच्या हार्ड डिस्क फिरायच्या थांबत. तसं मीच करून ठेवलं होतं. कॉम्प्युटर मी कुठे शिकले नाही. बिघडवत बिघडवत शिकले.

दोन ते चार शटर अर्धं खाली. बाहेरचे दोन्ही कॉम्प्युटर बंद.

मग डिस्कना उठवत कोण होतं?

व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर डिस्क चाळत असेल म्हणून काढून टाकलं. बॅकअपची वेळ बदलली.

तीन दहा... घूंऽऽ.

शेवटी नेटवर्कची वायरच उपटली. आता बाहेरून कुणी आत शिरणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाकून दोघं कान देऊन बसलो.

टक्...

मी आत धावले. आत्ता कुठल्या फाईलला हात लागला, ते शोधलं.

एकच फाईल होती.

‘हरवला आहे’... आणि खाली ज्ञानेशचा फोटो.

ज्ञानेश म्हणजे सिन्नरकडच्या नवसाबाईंचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी सातपूरच्या कारखान्यात दुपारी साडेतीनच्या सेकंड शिफ्टला म्हणून मोटारसायकलवर निघाला, तो पोचलाच नाही. बाई इथल्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकतात आणि दर महिन्याला आमच्याकडून ही पत्रकं नेऊन एसटी स्टँडवर चिकटवतात. दर वर्षी त्याचं वय एकानं वाढवायला सांगतात. नुकतंच मी पंचवीस केलं होतं.

स्क्रीनवर बावीस होतं.

मी परत पंचवीस केलं. दुसऱ्या दिवशी तीन दहाला... बावीस.

"जुनी फाईल उघडत असेल," भाऊजी म्हणाले.

"असेल."

जुनी फाईल कधीच पुसली होती. दोघांनाही ठाऊक होतं.

हार घालायचे फोटो आम्ही रोज मोठे करून देतो. पण हा फोटोही त्यातलाच, असं म्हणायला जीभ रेटेना.

शनिवारी नवसाबाई रिकामी पाटी घेऊन शटरखालून वाकून आल्या.

"ताई, कागद संपले. पंचवीस लिव्हलंय ना?"

"लिहिलंय मावशी." फाईल आत स्क्रीनवर उघडीच होती. वायर अजून जमिनीवर पडलेली.

टक्... घूंऽऽ...

"काय वाजलं?"

"मशीन हो. म्हातारं झालंय," म्हणत भाऊजी आतल्या दारात आडवे उभे राहिले.

बाईंनी त्यांना हातानं बाजूला केलं.

त्यांना अक्षर येत नाही. आकडे येतात.

"बावीस हाय हे."

मी आकडा बदलायला कीबोर्डकडे हात नेला.

बाईंनी पाटी खाली ठेवली. पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली, फोटोपुरतीच.

"वय म्याच वाढवीत व्हते, ताई. तो कुठला वाढतोय... गेला माझा ज्ञानू. त्याच दिवशी गेला."