नाव नसलेली नळी

“अगं, तुझ्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या पडल्यात. एकदा दाखवून ये कुणाला तरी,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

ती तेव्हा दातांत रिबन धरून लेकीची वेणी घालत होती. “हं,” एवढंच म्हणाली. दातांत रिबन असली की माणसाला फार बोलावं लागत नाही.

ती शाळेत गाणं शिकवायची, म्हणून सगळे तिला ‘गाण्याच्या बाई’ म्हणत. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत तिनं स्वतःला चर्चच्या कामाला असं काही जुंपून घेतलं होतं की, टेकायलाही सवड उरू नये. सकाळी शाळा, संध्याकाळी गायनवृंदाचा सराव, मधल्या वेळात आजाऱ्यांच्या भेटी. दर रविवारी उपासनेत आजाऱ्यांची यादी वाचायचं कामही तिचंच. त्या यादीतल्यांसाठी ती बुधवारी उपवास करी. यादी लांबली, तसा शुक्रवारही धरला. हल्ली जिना चढताना कानात शिट्टी वाजायची… ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, देवासाठीच झिजतेय ना, झिजू दे.

त्या रविवारी उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये रक्ततपासणी होती. प्रयोगशाळेतून आलेला माणूस एकटाच सगळं सांभाळत होता. तिशी ओलांडलेला, बाह्या नीट दुमडलेल्या, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मंडळींनी अर्ध्या तासात त्याचं नामकरण करून टाकलं – सुईवाले.

पहिला नंबर निवृत्त पोस्टमास्तरांचा. सुई बघताच ते खुर्चीतून उठले. “बाई, आधी तुम्ही बसा. तुम्ही रडला नाहीत तर मी बसतो.”

लोक हसले. तीही हसली आणि बसली.

“नाव?” त्यानं विचारलं.

“नाव नको. हे नुसतं यांना दाखवायला.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खरोखरच नळीवर लिहिलं – ‘दाखवायला’.

“अहो, हे काय लिहिलंत?”

“तुम्हीच सांगितलंत. मूठ आवळा… दुखतंय?”

“नाही.”

“खोटं. पण छान बोललात, पोस्टमास्तर बसतील आता.”

त्यानं कापसाचा बोळा ठेवून तिचा कोपर हळूच दुमडला. तिला एकदम जाणवलं – कितीतरी दिवसांत कुणी आपला हात हातात घेऊन ‘दुखतंय?’ असं विचारलं नव्हतं. ती घाईघाईनं उठली, आणि खोली किंचित फिरली.

“बसा दोन मिनिटं.”

“वेळ नाही हो.”

“ते दिसतंच आहे,” तो म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी सराव चालू असताना तो दारात येऊन उभा राहिला. पाकिटं वाटली, पोस्टमास्तरांना साखर कमी करायला सांगितलं. सगळे गेले तरी एक पाकीट त्याच्या हातात उरलंच होतं.

“हे कुणाला द्यायचं?”

“फेकून द्या,” ती वह्या गोळा करत म्हणाली. “तपासलंत कशाला? ते तर—”

“दाखवायला होतं. माहीत आहे. पण मला फेकवेना. पहिल्यांदा तपासलं तेव्हा मशीन बिघडलं म्हटलं. दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं… हिमोग्लोबिन साडेसहा, बाई. निदान बारा तरी हवं. एवढ्यावर तुम्ही उभ्या कशा आहात, गाता कशा आहात, मला कळत नाही.”

“प्रभू शक्ती देतो.”

“देतो ना. तुम्ही घेत नाही.”

तिला राग आला. खरं तर रडू आलं होतं, पण थकल्यावर रागाचा आणि रडण्याचा गळा एकच होतो. “मी त्याच्या कामासाठी—”

“मीही प्रार्थना करणारा माणूस आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “दर नळीसाठी करतो. पण देवानं तुम्हाला जी माणसं सांभाळायला दिलीत, त्यांत तुम्ही स्वतः नाही का? तुमच्या यादीत सगळं गाव आहे, बाई. तुम्हीच कुठे नाही.”

घरी गेल्यावर तिनं पाकीट सासूबाईंपुढे ठेवलं. त्या चष्मा लावून वाचत राहिल्या, बराच वेळ.

“पोराला पोचवलं मी,” त्या म्हणाल्या. “आता तुलाही पोचवू? देवानं सहा दिवस राबून सातव्या दिवशी विसावा घेतला. तू देवाच्याही वरताण झालीस?” मग चष्मा काढून ठेवला त्यांनी. “ही पोरगी कुणाच्या गळ्यात टाकून चाललीस तू?”

आत लेक झोपली होती, तोंड उघडं टाकून. तिच्याजवळ बसल्या बसल्या ती पहिल्यांदाच घाबरली… खरोखर घाबरली. झिजणं ही भक्ती वाटत होती तिला. पण झिजून संपलेल्या आईचा देवाला काय उपयोग, आणि या पोरीला तरी काय?

रविवारी तिनं यादी वाचली. नेहमीची सतरा नावं. शेवटच्या नावानंतर कागद मिटायचा, तो तिनं मिटला नाही.

“आणि…” तिनं कागदावरून नजर उचलली. “आणि मी. माझ्यासाठीही प्रार्थना करा. मी आजारी आहे. उद्यापासून उपचार घेणार आहे आणि काही दिवस सराव घेणार नाही.”

शेवटच्या बाकावर तो बसला होता. त्यानं मान खाली घातली, ती प्रार्थनेसाठी, की आणखी कशासाठी, कोण जाणे.

डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं, शनिवारी एकदा, असे तीन शनिवार. पहिल्या शनिवारी तो ‘सहज’ आला. दुसऱ्या शनिवारी सहजच, पण इस्त्रीच्या शर्टात. तिसऱ्या शनिवारी सलाईनच्या थेंबांकडे बघता बघता ती झोपून गेली. जागी झाली, तर तो खुर्चीत तसाच बसलेला.

“उठवलं का नाहीत?”

“तुम्हाला असं झोपलेलं बघून मला… गेल्या कित्येक वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.”

“ही कसली तऱ्हा बोलायची?”

“मला येत नाही दुसरी. रोज विचारायला येऊ का… कशा आहात म्हणून? रोज म्हणजे – कायमच.”

तिनं सुई नसलेला हात फक्त उलटा करून चादरीवर ठेवला. त्यानं तो धरला.

सासूबाईंकडे तो रीतसर विचारायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी रक्त नेलंत. आता सूनही नेणार?”

“नेणार कुठे? तुम्ही जागा दिलीत तर मीच येतो म्हणतो.”

“या मग,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पण मला सुई टोचायची नाही, आधीच सांगून ठेवते.”

आता तुम्ही. हे वाचून होईल, पुस्तक बाजूला ठेवाल. तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, एक कुणीतरी असेल – सगळ्यांना ‘जेवलात का?’ असं विचारत फिरणारी. आजच तिच्याकडे जा. तिलाही तेच विचारा. ‘हो’ म्हणाली, तर उत्तरावर जाऊ नका… तिचं ताट बघून या.