बरणीच्या डोळ्यातलं शेवाळ

"ही बरणी तुमची का हो? माझ्या जाळ्यात सापडली. म्हटलं खाऊ असेल, तर आत नुसत्या वायरी!"

त्यांची पहिली भेट ही अशी. तो तळ्यात जाळीचे पिंजरे सोडून मासे पाळणारा, ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली. प्लास्टिकच्या साध्या बरण्यांत सेन्सर बसवून तिने त्या तळ्यात तरंगत सोडल्या होत्या. विषारी शेवाळ वाढायला लागलं की बरणीच्या बुडाला बसवलेली सेन्सरची काच ते आधीच ओळखायची आणि तिच्या मोबाइलवर इशारा यायचा. त्या दिवसापासून तो तिला बरणीबाई म्हणायला लागला. ती वरवर चिडायची… आणि घरी जाऊन एकटीच हसायची.

पण आज हसू कुठलं! त्याच्या पिंजऱ्यांजवळच्या बरणीने महिनाभरात तीनदा खोटी बोंब मारली होती. दरवेळी ती धावत यायची, काच पुसायची, की मोबाइलवरचा शेवाळाचा आकडा खाली. साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एक खोटा इशारा, की सगळ्या बरण्या भंगारात." आणि आज दुपारी पुन्हा इशारा आला.

ती होडीत चढली. तो वल्हं धरून मुकाट्याने बसलेला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असायचा.

"आज गप्प का?"

"एक सांगायचंय… रागावू नका."

"बोला लवकर!"

"त्या तिन्ही वेळा काचेवर शेवाळ मीच फासलं होतं. काच मळली की तुम्ही येता ना, म्हणून—"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "अक्कल गहाण टाकली होतीत का? दोन वर्षं राबतेय मी यासाठी!"

"कळतंय. म्हणून तर आज तोंड उघडलं. पुन्हा माझं तोंड पाहू नका हवं तर… पण आज मी हात लावलेला नाही."

आता या खोटारड्याचं खरं मानायचं कसं? तिने वाकून बरणी उचलली. काच स्वच्छ दिसत होती. तरी तिने ती ओढणीने घासून पुसली आणि बरणी परत पाण्यात सोडली. नवा आकडा यायला थोडा वेळ लागायचा. दोघांची नजर मोबाइलवर. शेवाळ माजलं तर पाण्यातली हवा संपून त्याचे सगळे मासे मरणार होते.

आकडा आला. आधीपेक्षा जास्त!

तिने साहेबांना फोन लावला. "इकडचा पंप बंद करा."

"अर्ध्या शहराचं पाणी तुटेल. खात्री आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "आहे," ती म्हणाली. फोन ठेवला आणि त्याच्यावर ओरडली, "बघत काय बसलायस? पिंजरे ओढ्याच्या तोंडाशी न्यायचेत, तिथलं पाणी वाहतं आहे. वल्हव!"

अंधार पडेपर्यंत दोघांनी पिंजरे ओढले. तळहातांना फोड आले.

सकाळी पिंजऱ्यांच्या जुन्या जागी पाण्यावर हिरवागार जाड थर पसरला होता. ओढ्याच्या तोंडाशी मात्र मासे उड्या मारत होते. काठावर उभ्या उभ्या तिचे डोळे भरून आले.

"बरण्या वाचल्या," ती म्हणाली. "पण काचेला बोट लावलंस तर याद राख!"

"मग तू यायचीस कशी?"

"साधं 'ये' म्हणायला काय झालं होतं रे?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "ये…"

"कधी?"

"रोज."

तिने चपला हातात घेतल्या आणि होडीत पाय ठेवला.