शाल्मलीचे चार टक्के

वाटमापक यंत्राच्या पडद्यावर चार हा आकडा उमटला, तेव्हा डॉ. सुलभा तांडेल यांना वाटलं, पुढचा आकडा उमटायचा राहिलाय. निदान चाळीस असेल, कदाचित सत्तेचाळीसही. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. चार तो चारच राहिला.

"शंभरात चार?" त्यांनी हणमंत बिराजदारांकडे पाहिलं. बिराजदार मूळचे सोलापूरचे आणि गेली अकरा वर्षं पुण्याच्या वाटमापन केंद्रात सुलभाताईंचे सहकारी. यंत्र दोघांनी मिळून बांधलं होतं, त्यामुळे यंत्रावर चिडायचीही सोय नव्हती.

"चारच, म्याडम. दोनदा तपासलं."

जिच्याबद्दल हा आकडा होता ती शाल्मली, सुलभाताईंची अठरा वर्षांची लेक, खिडकीत बसून डब्यातलं थालीपीठ खात होती. तिच्या सदऱ्यावर घरच्या पाहुणी नावाच्या मांजरीचे पांढरे केस चिकटले होते.

प्रश्न साधा होता आणि वेळ थोडा. जीवयंत्र संस्थेची प्रवेशपरीक्षा शाल्मलीला दोन गुणांनी हुकली होती. सुलभाताई त्याच संस्थेत शिकलेल्या, बिराजदारही तिथलेच. केंद्रात तिथं न शिकलेला माणूस औषधालाही नव्हता. आता वाटा दोन उरल्या होत्या. एक म्हणजे वर्षभर घरी बसून परीक्षा पुन्हा द्यायची. दुसरी वाट कोकणातल्या आडेखाडी सागर विद्यापीठाची. तिथं बारावी पास झालेल्या कुणालाही सहसा नाही म्हणत नसत. तिथं दोन वर्षं काढायची आणि बदली-प्रवेश घेऊन संस्थेत तिसऱ्या वर्षाला यायचं. आडेखाडीची जागा आज पाच वाजेपर्यंतच राखून होती, आणि घड्याळात दोन वाजून गेले होते.

"बिराजदारकाका, हे चार आले कुठून? सोप्या भाषेत सांगा," शाल्मली म्हणाली.

"तुझी शाळा, आजारपणं, वह्या, तू स्वतःहून दिलेल्या रोजनिश्या, सगळं यंत्रात घातलं. त्यावरनं यंत्रानं दहा हजार शाल्मल्या केल्या आणि एकेकीला आडेखाडीला धाडून दिलं. ह्याला प्रतिजीवन म्हणायचं. मग तिसऱ्या वर्षी संस्थेच्या हजेरीपटावर किती जणी हायत ते मोजलं. चारशे निघाल्या."

"आणि बाकीच्या?"

"पुसल्या. कायद्यानं आत डोकवायला बंदी हाय. यंत्र मोजतं, कारण सांगत न्हाई. माणसामागं प्रश्न दोनच, त्यातला एक झाला. आन् आकडा ऐकला की शिळा होतो बघ, कारण ऐकलेली शाल्मली त्या दहा हजारांत नव्हती."

"कारण कशाला हवंय?" सुलभाताई म्हणाल्या. "त्या विद्यापीठात पोरगी मागं पडणार, हेच कारण. दुसरा प्रश्न विचारू या. वर्षभर थांबली तर काय? चारापेक्षा नक्कीच जास्त येतील."

शाल्मलीने हात पुसले. तिला वाईट वाटलं होतं. इतकं वाईट की थालीपीठ अर्धं राहिलं होतं, आणि तिच्या बाबतीत असं क्वचितच होई. आडेखाडीचं माहितीपत्रक तिने आठवडाभर उशाशी ठेवलं होतं. तिथल्या खाडीत जिवंत कालवांची, शिंपल्यांत राहणाऱ्या त्या जीवांची, एक भिंत वाढवत होते. समुद्र चढला की भिंतही स्वतःहून चढायची. नवीन मुलांना दुसऱ्याच दिवशी चिखलात उतरवत. संस्थेत चौथ्या वर्षापर्यंत कशाला हातही लावू देत नसत.

दुसऱ्या प्रश्नासाठी तिने अंगठा पुढे केला, कारण प्रश्न तिचा आणि अंगठाही तिचाच लागे. आणि मध्येच थांबली.

"आई, पाहुणी आपल्याकडे किती दिवसांसाठी आली होती?"

"हे काय आता मध्येच? शेजारचे गावाला गेले होते म्हणून दोन दिवसांसाठी."

"आणि झाली किती वर्षं?"

"नऊ. पण तिचा इथे काय संबंध?"

"परत द्यायला कोण गेलं नाही? मी. मला नको असलेल्या शाळेत 'पुढच्या वर्षी बदलू' म्हणून घातलंस. पुढच्या वर्षी हव्या त्या शाळेत जागा निघाली, तेव्हा जुनी शाळा सोडणार नाही म्हणून दाराला धरून रडलं कोण?"

"तूच," सुलभाताई म्हणाल्या. "अख्खी गल्ली गोळा केलीस."

बिराजदार खुर्चीत सरळ बसले. "म्याडम, आपण हजेरीपट मोजला. संस्थेनं आत घेतलं का, हे कुठं इचारलं? बदलीचा प्रश्न आला की अकरा वर्षं आपण तो यंत्राला ह्याच शब्दांत घालतोय."

"दोन्ही एकच की. संस्थेनं बोलावल्यावर नाही कोण म्हणतं?"

सुलभाताईंना आपलंच वाक्य ऐकू आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते जरा मूर्खासारखं वाटलं. केंद्रातला प्रत्येक माणूस संस्थेत जायला जीव टाकलेला. तिथून आलेलं बोलावणं कुणी परत करील, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शाल्मलीने अंगठा टेकवला आणि ठणठणीत आवाजात विचारलं, "आडेखाडीला गेले, तर दोन वर्षांनी संस्था मला बोलावेल का?"

यंत्र मिनिटभर घुमलं. पडद्यावर आकडा आला. त्र्याण्णव.

बिराजदारांनी बोटांवर हिशेब केला आणि ते टेबलावर हात आपटून हसले. "नऊ हजार तीनशेंना बोलावलं, गेल्या चारशे! आठ हजार नऊशे पोरींनी संस्थेला नको म्हटलं, म्याडम! एवढा अपमान तिचा जन्मात कुणी केला नसंल!"

"का पण?" सुलभाताईंना हसावं की रडावं कळेना. "असं काय आहे त्या चिखलात?"

"ते यंत्र सांगत नाही," शाल्मली म्हणाली. "जाऊन बघावं लागेल. आई, मी तिथं मागं पडणार नाहीये. मला एवढंच कळायला हवं होतं."

सुलभाताईंनी लेकीला जवळ घेतलं. पोर लांब जाणार याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि पोर हुशार निघाली याचा आनंदही लपत नव्हता. मग त्यांना एक शंका आली. "त्या चारशे जणी मग का गेल्या असतील गं?"

"त्यांना तू रोज फोन करून रडवलं असशील."

"आकडा शिळा झालाय हं," सुलभाताई घाईने म्हणाल्या. "आता तू ऐकलंयस. येशीलसुद्धा." शाल्मलीने मान डोलावली आणि साडेचार वाजता आडेखाडीचा अर्ज भरला.

पुढच्या महिन्यात सुलभाताई लेकीला पोचवायला गेल्या. दोन दिवसांची रजा, एक पिशवी आणि पाहुणीची टोपली एवढंच सोबत होतं. पाहुणीला शेजारी ठेवायचं सुचलं होतं, पण शेजाऱ्यांनी हात जोडले.

अकराव्या दिवशी केंद्रातून बिराजदारांचा फोन आला. सुलभाताईंनी तो कोपराने उचलला. त्या गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि दोन्ही हातांत कालवांनी लगडलेला दोर होता. समुद्राबरोबर भिंत स्वतःहून कशी चढते, हे कोडं त्यांना झोपू देत नव्हतं. पाहुणी बांधावर बसून बोयट्या माशाचं डोकं खात होती.

"म्याडम, कधी येताय? रजा संपून नऊ दिवस झाले."

"परवा," सुलभाताई म्हणाल्या. "नक्की परवा."

पलीकडे शाल्मली हसू दाबत दोर ओढत होती.

"म्याडम," बिराजदार म्हणाले, "तुमचे दोन प्रश्न अजून शिल्लक हायत. पण माझ्या मते यंत्र चालू करायची काय गरज न्हाई."