न पाठवायचं पत्र

पत्राला उत्तर न देणं गंगाधरच्या स्वभावातच नव्हतं. वीज मंडळाच्या छापील नोटिशीलाही तो 'आपलं पत्र पोचलं, आभारी आहे' असं उलट टपाली कळवायचा. पण अनुश्रीच्या पत्राला मात्र त्याने उत्तर दिलं नाही. दिलं नाही ते नाहीच, वर ते पत्र भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं!

आता, यात त्याची चूक होती का? होती. पण असली चूक करायला माणूस समुपदेशन शिकवणाराच लागतो.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे नव्या खात्यांच्या पाट्या लागत होत्या. त्याच धामधुमीत पद्मजाताईंनी तात्यापाऱ्यातल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर समुपदेशन आणि मानसोपचार शिकवणारी संस्था काढली. पाटी इतकी लांबलचक, की हेही सरकारी खातंच समजून लोक रेशनकार्डाची चौकशी करायला येत. ताई संचालिका, गंगाधर शिकवणारा, आणि अनुश्री बीरगांवच्या कामगार वस्तीतलं केंद्र सांभाळून वर्गात त्याच्या मदतीला.

पुस्तकं वाचून वाचून गंगाधर दुसऱ्याचं मन ओळखायला शिकला होता. आपल्याविषयी कुणाला काही चांगलं वाटत असेल, ही शक्यता मात्र त्याच्या कोणत्याच पुस्तकात नव्हती. अनुश्री समोर आली की तो कूलरकडे बघून बोलायचा.

"सर, उत्तर तुम्हाला देऊ की कूलरला?" ती विचारायची.

"नाही, म्हणजे... खसाची ताटी बदलायला झालीय, एवढंच."

"बदलते ना! सगळी नजर तिच्यावरच तर असते तुमची."

तिच्या ओढणीवर बीरगांवहून येताना बसलेली काळी धूळ असायची. ती झटकत ती हसायची, आणि गंगाधरचं पुढचं वाक्य हमखास हरवायचं.

वर्गात एक सराव असे. त्याचं नाव 'न पाठवायचं पत्र'. मनात साचलेलं सगळं त्या माणसाला उद्देशून कागदावर उतरवायचं... आणि पाठवायचं नाही. गंगाधरने अनुश्रीला त्याचा एक नमुना लिहायला सांगितलं होतं. पत्र आलं ते थेट त्याच्या घरी. पोस्टाने, लिफाफ्यातून, तिकीट लावून.

'केवढी काटेकोर मुलगी!' गंगाधरला कौतुक वाटलं. पत्र वाचताना मात्र त्याच्या छातीत बारीकशी कळ आली. ज्या कुणाची कल्पना करून तिने हे लिहिलं, त्या माणसाचा त्याला चक्क हेवा वाटला. मग त्याने स्वतःला दटावलं आणि लिहिणारीचं नाव झाकून ते वर्गात वाचायला घेतलं.

"'रिकाम्या खुर्चीला धक्का लागला तरी तुम्ही माफ करा म्हणता,'" तो वाचू लागला. "'ते ऐकलं की मला ती खुर्ची व्हावंसं वाटतं. नागपूरहून मला नोकरीचं बोलावणं आलंय. तुम्ही थांब म्हणालात, तर थांबेन. उत्तर आलं नाही, तर समजून जाईन.'"

वाचता वाचता तो मागे सरकला, खुर्चीला धडकला आणि म्हणाला, "माफ करा."

वर्ग खो-खो हसला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले कामगार अधिकारी भैय्यालाल पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना राहवेना. "सर, ये आदमी गधा है क्या? लडकी इतना साफ लिख रही है!"

"आपण कुणालाही नावं ठेवत नाही, भैय्यालालजी," गंगाधर गंभीरपणे म्हणाला. "त्या माणसाच्याही काही अडचणी असतील."

"अडचन तो दिख रही है, सर," भैय्यालाल खुर्चीकडे बघत पुटपुटले.

तेवढ्यात गंगाधरला दारात अनुश्री दिसली. ती नुकतीच बीरगांवहून आली असावी. "उत्कृष्ट!" तो उत्साहाने म्हणाला. "फक्त शेवट जरासा मोघम वाटतो."

अनुश्रीचा चेहरा पांढराफटक पडला. ती जिना उतरून गेली.

दुपारी पद्मजाताईंनी त्याला बोलावून घेतलं. ताई मूळच्या अमरावतीच्या. रागावल्या की थेट माहेरच्या भाषेत शिरायच्या.

"काहून रे गंगाधर, पोट्टी राजीनामा देऊन राहिली. काय केलं तू तिले?"

"काही नाही हो ताई. तिचा नमुना वर्गात वाचला."

"नमुन्याले कोणी तिकीट लावते का रे?"

गंगाधरने खिशातला लिफाफा काढून बघितला. तिकीट होतं, त्यावर शिक्काही होता.

"पाठवायचं नसते म्हणून तूच शिकवतं, अन् तिनं पाठवलं. येवढं समजत नाही तुले? दुसऱ्याची मनं काय डोंबल ओळखतं!"

तो धावतच ऑफिसात गेला. अनुश्री आपला टेबलाचा खण रिकामा करत होती.

"अनुश्री, तुम्हाला... राग आल्यासारखं वाटतंय—"

"वाटत नाहीये, आलाय! सगळ्यांसमोर वाचलंत. नाही म्हणायची ही काय रीत झाली, सर?"

"नाही म्हटलंच नाही मी! मला वाटलं, नमुना आहे. म्हणजे..." त्याने घाम पुसला. "असं पत्र मला कोण लिहील?"

अनुश्रीचा हात खणातच थांबला. मग ओठ दाबूनही तिला हसू आवरेना.

"हे खरंच वाटलं तुम्हाला?"

"अजूनही वाटतंय. तुम्ही नीट विचार केलाय ना? मी फार कंटाळवाणा माणूस आहे."

"ते माहीत आहे. हो की नाही, तेवढं सांगा."

"हो! हो, म्हणजे..."

"तोंडी नको," ती म्हणाली. "दिवसभर समोरच्या माणसाला 'हो... हो... हं' करत मान हलवता तुम्ही. भैय्यालालजींनाही असंच करता. माझं पत्र पोस्टाने आलं होतं, उत्तरही पोस्टानेच हवं."

"पण तुम्ही दोन गल्ल्या सोडून राहता! पत्र पोचेपर्यंत नागपूरला काय कळवाल?"

"काही नाही. वाट बघेन. आतापर्यंत काय करत होते?"

गंगाधर लिहायला बसला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्याने एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी 'थांब' एवढाच शब्द राहिला. तुम्ही नाही, तू. ते वाचून त्याचे कान तापले, पण त्याने खोडलं नाही. त्याखाली सही केली, आणि घाबरून जन्मतारीखही लिहून टाकली.

चौकातल्या लाल पेटीपाशी दोघं पोचली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. गंगाधरने लिफाफा फटीत सरकवला, हात मनगटापर्यंत आत गेला... आणि तिथेच अडला.

"पडलं?" अनुश्रीने विचारलं.

"अजून हातात आहे."

"काहून?" तिने ताईंच्या सुरात विचारलं.

"अक्षर चांगलं नाहीये माझं. एकदा घरी नेऊन नीट—"

"गंगाधर," ती म्हणाली. पहिल्यांदाच, सर न म्हणता.

तिने त्याचं मनगट धरलं. आत कुठेतरी त्याची बोटं सुटली, आणि पत्र टप्पकन तळाशी पडलं.

अनुश्रीने त्याचा हात हळूच बाहेर काढला. सोडला मात्र नाही.