करकोचा दिसेपर्यंत

प्लोवदिवच्या दवाखान्यात, घशाच्या वॉर्डाबाहेर, डॉक्टर झोरनित्साचा पाय एका बकरीवर पडला. बकरी जीव खाऊन किंचाळली. बाकावरचे टॉन्सिलवाले आजोबा उडाले, सिस्टर पेन्काच्या हातातला ट्रे उडाला, आणि बकरीचा मालक खुदकन हसला.

"घाबरू नका हो डॉक्टरीणबाई, नुसतं कातडं आहे... माझी गाइडा!"

गाइडा म्हणजे डोंगरातल्या लग्नांत वाजते ती कातडी पिशवीची पिपाणी. वाजवणारा यावोर. डोळे मिश्कील, पण बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. डोळे झोरनित्साला आवडले. आवाज अजिबात नाही.

"आ करा."

"पहिल्याच भेटीत?"

"आ!"

टॉन्सिलला मागून ढकलत काहीतरी गुळगुळीत, अक्रोडाएवढं पुढे आलं होतं. ना लाल, ना दुखरं.

"कधीपासून?"

"चार महिने. काकू रोज राकिया दारूची पट्टी बांधते. माझा गळा तसाच आहे, पण उरलेल्या राकियाने काका ठणठणीत झालाय. गावचा दाताचा डॉक्टर म्हणतो, पू आहे, टोचून काढू—"

"त्याला म्हणावं, हात लावलास तर तुझेच दात उपटीन!"

स्कॅन झाला, सुईची तपासणी झाली. लाळेच्या ग्रंथीची गाठ निघाली. कर्करोग नव्हे, साधीच. पण इतक्या आत क्वचितच सापडणारी.

"फुटली तर कण सांडतात आणि पुन्हा उगवते," झोरनित्सा म्हणाली. "मानेतून जायचं, अख्खी काढायची."

"आणि... गाइडा?"

तिने त्याच्या जबड्याखाली बोट टेकवलं. "ओठाची नस वाटेतच आहे. दुखावली तर ओठ लुळा पडेल."

"म्हणजे फुंकायचं संपलं."

"मी दुखावू देणार नाही."

"मग बरा झाल्यावर कॉफी?"

"पेशंटबरोबर मी कॉफी पीत नाही."

"मग लवकर बरं करा ना!"

ऑपरेशनच्या सकाळी सगळं घोडं एका दोऱ्यावर अडलं. एक मार्चला आईने यावोरच्या मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा! वसंतातला पहिला करकोचा दिसेपर्यंत तो सोडायचा नसतो.

"मनगट मोकळं हवं," पेन्काने कात्री उचलली.

"करकोचा कुठे दिसलाय अजून?"

पेन्काच्या बाहीखालीही दोरा होताच. कात्री खाली आली. "तसं खरं आहे हो ह्याचं..."

भूलतज्ज्ञ खिडकीशी गेला. पाठोपाठ विभागप्रमुख प्रोफेसरही.

"तो बघा करकोचा!"

"कावळा आहे, प्रोफेसर."

"पाय लांब आहेत!"

"अँटेनावर बसलाय, म्हणून वाटतंय!"

तयार टेबल, तापलेले दिवे, आणि अख्खं ऑपरेशन थिएटर आभाळाकडे डोळे लावून... झोरनित्साने कपाळावर हात मारला. मग यावोरच्या मनगटावरच्या दोऱ्याची गाठ हलकेच सोडली आणि मोजा खाली सारून दोरा स्वतःच्या घोट्यावर बांधला.

"दोरा उतरलेला नाही," ती करड्या आवाजात म्हणाली, "त्याची फक्त बदली झालीये. चला आत!"

तीन तास. गाठ निघाली ती सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी, अख्खी.

तो शुद्धीवर येताच ती वाकली. "ओठ हलवा..."

त्याने ओठांचा चंबू केला. थेट तिच्याकडे बघत.

"नस शाबूत आहे, डॉक्टर," पेन्का म्हणाली. "जरा जास्तच."

सहा आठवड्यांनी अंगणातून गाइडा किंचाळली. वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. झोरनित्सा धावत खाली गेली.

"करकोचा दिसला!" यावोर ओरडला. बटाटा गेला होता; आवाज स्वच्छ, खणखणीत. "माझा दोरा द्या. प्रोफेसरांनी आत्ताच तपासलं. म्हणाले, आता वर्षाने या. म्हणजे वर्षभर मी कुणाचाच पेशंट नाही!"

तिने पाय पुढे केला. तो गुडघ्यावर बसला. दोरा आता मळून गुलाबी झाला होता.

"दवाखान्याच्या ह्या धुराड्यावर तर करकोच्याचं घरटं आहे," तो थबकला. "तुम्हाला इथे करकोचा दिसला नाही?"

"दिसला की... तीन आठवड्यांपूर्वी."

"मग सोडला का नाहीत?"

वर पेन्का खिडकीतून निम्मी बाहेर आली होती. झोरनित्साने मोजा गुपचूप वर ओढला.

"कॉफी पाजतोस ना? तिथे सांगते."