चार ठिपके

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं गाडीचा जुना वॉटर पंप उपडा ठेवला आणि कॅलिपरनं त्याची मापं घ्यायला लागली. गाडी तिच्याच वयाची. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं, त्यामुळे अस्सल पंप कुठे मिळेना. परदेशातून येणारे तीन होते. तिन्हींची मापं सारखी, धातूही तोच. मग जास्त पैसे कशाला घालवायचे? तिनं सगळ्यात स्वस्त मागवला होता.

जुना पंप काढायला आलेल्या मेकॅनिकनं नवं खोकं कानाशी नेऊन खुळखुळवलं. "ताई, पंप आहे की खेळणं? बसेल मस्त. टिकेल किती, ते मात्र मला विचारू नका."

"समुद्रापर्यंत जाऊन यायचंय, चंद्रावर नाही," ती म्हणाली.

समुद्र बाबांना हवा होता. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. खिडकीशी बसून ते अंगणातल्या बंद गाडीकडे बघत राहायचे. "दुसरं काही मागत नाही," ते म्हणायचे, "एकदा माझ्या गाडीतून समुद्र दाखव."

नवा भाग बसवण्याआधी त्याच्या आतल्या अंगाला पंचानं, धातूवर खूण करायच्या टोकदार पोलादी कांडीनं, ठिपके ठोकायचे, ही बाबांची जुनी सवय. पहिल्या पंपावर एक, तो बदलला की दुसऱ्यावर दोन. "नाहीतर हे महाराज जुनाच पुसून परत बसवतील," असं ते मेकॅनिकच्या तोंडावर सांगत आणि दोघंही हसत. पंच कायम शर्टाच्या खिशात.

काढलेल्या पंपावर दोन ठिपके होते, खोल आणि सरळ.

"आण इकडे," बाबा डाव्या हातानं पंच चाचपत म्हणाले. "आता तीन."

तिनं खोक्याचं सील तोडलं, पिशवी कापली, पंप उलटा केला. आतल्या अंगाला तीन ठिपके होते.

"तूच ठोकलेस ना?" बाबा हसले.

"कारखान्याची खूण असेल," आई म्हणाली.

तिलाही तसंच वाटलं. पण ठिपके उथळ होते आणि प्रत्येकाला उजवीकडे बारीक शेपूट होतं, ठोकताना हात घसरावा तसं. तिनं एका पत्र्याच्या तुकड्यावर बाबांना डाव्या हातानं पंच मारायला लावला. भिंगाखाली दोन्ही शेजारी धरले. तोच उथळपणा, तेच शेपूट.

योगायोग म्हणून सोडून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. शेजारच्या काकांकडे हीच गाडी होती. त्यांच्यासाठी तिनं त्याच दुकानातून तसाच पंप मागवला, त्याच टेबलावर उघडला. आतून कोरा.

पंप बसला. घासावा लागला नाही, ठोकावा लागला नाही. मग ब्रेकचा सिलिंडर आला. जुन्यावर एक ठिपका होता. नव्यावर दोन, शेपटीवाले.

बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. "म्हणजे कुठेतरी मी अजून कामावर आहे," ते हळूच म्हणाले. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पूर्ण उजळला होता. तिचा ऊर भरून आला. इतकं अशक्य, आणि इतकं आपलं काहीतरी आपल्या जेवणाच्या टेबलावर यावं!

तिला राहवेना. हाताशी असावा म्हणून तिनं आणखी एक पंप मागवला, तोच, स्वस्तातला.

तो आला त्या सकाळी टेबल आवरताना तिच्या हातून बाबांचा पंच फरशीवर पडला. टोकाचा कपचा उडाला. तिनं पत्र्यावर मारून पाहिला. ठिपका खोल, सरळ उमटला, पण पूर्ण गोल येईना. एका कडेला चंद्रकोरीसारखी खाच राहत होती.

मग तिनं पिशवी कापली.

चार ठिपके होते. खोल, सरळ. शेपूट एकालाही नव्हतं.

प्रत्येकाच्या कडेला चंद्रकोर होती.

ती पंप पुन्हा गुंडाळू लागली.

"बघू," बाबा म्हणाले.

"मापात फरक आहे बाबा. परत पाठवते."

"बघू तर दे."

त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग पत्रा मागून घेतला आणि तिनं सकाळी मारलेला ठिपका चाचपला. बोट तिथंच थांबलं.

"हात छान बसलाय तुझा," ते म्हणाले. पंच त्यांनी खिशात ठेवला नाही, तिच्या पुढ्यात सरकवला. "चला, निघू या. ऊन कोवळं आहे तोवर."

आई मागे बसली, बाबा पुढे. वाटभर ती तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होती. इंजिनाचा आवाज ऐकत होती. काटा जागचा हलला नाही. समुद्र दिसला तेव्हा बाबांनी काच खाली करायला लावली आणि खाऱ्या वाऱ्यात तोंड धरून लहान मुलासारखे हसले.

संध्याकाळी तिनं गाडी अंगणात लावली. बाबांना आईनं आत नेलं. आतून त्यांचा आवाज येत होता, आईला लाटांची उंची पुन्हा पुन्हा हातानं दाखवत असावेत.

गाडीखाली जमीन खराब होऊ नये म्हणून तिनं एक कोरा पुठ्ठा अंथरला होता. ती वाकली.

पंपाच्या बरोबर खाली, पुठ्ठ्यावर, पंपातून इंजिनात फिरणाऱ्या कूलंटचा एक हिरवा थेंब होता.