उत्तराचे दोन ठोके

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या मामाची आहे, आणि तिचा शेवट गेल्या वर्षी एका मंगळवारी, संध्याकाळी पावणेसातला, माझ्यासमोर घडला.

दोन्ही मामांची घरामागे, माडांच्या रांगेत दारूची भट्टी होती. धाकटा माडावर चढून माडी उतरवायचा, थोरला खाली तांब्याच्या भांड्यात ती उकळून गाळायचा. लोक पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देतात. हे दोघं पहिली धार विषारी म्हणून सरळ मातीत ओतायचे.

"पिणारा उद्याही आला पाहिजे ना," धाकटा म्हणायचा.

त्यांची एक रीत होती. उतरण्याआधी धाकटा कोयत्याच्या मुठीने खोडावर तीनदा ठोकायचा. खाली आहेस ना? थोरला पळीने भांड्यावर दोनदा वाजवायचा. आहे, ये.

एके दिवशी दोघांचं वाजलं. "माडीत पाणी घातलंस," असं थोरला बोलून गेला. मग अबोला.

संध्याकाळी वरून तीन ठोके आले.

थोरल्याने ऐकले. पळी हातातच होती.

तो गप्प बसला.

पुन्हा तीन ठोके...

खाली कोणी आहे का, हे बघायला धाकटा वाकला असावा.

धप्प.

दोघांनीही लग्न केलं नव्हतं. थोरला त्या घरात एकटा उरला. त्याने भट्टी विझवली, भांडं विकायला काढलं. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. आदल्या संध्याकाळी तो ते घासत बसला होता. वारा पडलेला. पाखरांचाही आवाज नाही.

टक... टक... टक.

त्याच माडावरून. वर कोणी नव्हतं.

मामा घाबरला नाही, रडला. मग त्याने पळी उचलून दोनदा वाजवलं.

खोडावर पाय घासल्याचा आवाज आला... खाली, आणखी खाली... आणि जमिनीशी थांबला.

भांडं विकलं गेलं नाही. नऊ वर्षं मामा रोज संध्याकाळी भट्टीपाशी बसला. कुणाच्या लग्नाला नाही, कुणाच्या मयताला नाही. आम्ही हसायचो, मामाचं भट्टीशीच लग्न लागलंय म्हणून.

गेल्या वर्षी त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याने माझा हात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं.

"तू घरी जा. तीन ठोके आले की दोनदा वाजव. विसरू नकोस."

मी गेलो. पळी घेऊन बसलो. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं मनात म्हणत होतो.

टक... टक... टक.

मी माडाच्या शेंड्याकडे बघत राहिलो. पळी उचलवेना.

टक... टक... टक.

मग...

धप्प.

माडाखाली जाऊन पाहिलं. काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामाने विचारलं, "वाजवलंस ना रे?"

"हो मामा."

तो इतका निवांत हसला, की मला मान वर करवेना.

आता तो घरी आलाय. रोज संध्याकाळी भट्टीपाशी कान देऊन बसतो. माड गप्प असतात. अंधार पडला की तो स्वतःच दोनदा वाजवतो... आणि वर बघत राहतो.

"आज उशीर झाला वाटतं त्याला," म्हणतो.

मी अजून त्याला खरं सांगितलेलं नाही.